तुलनेचा तास

समलिंगी व्यक्तींचे हक्क आणि जातिअंताची लढाई यांची तुलना करून उत्तर लिहा, असं सांगितलं की पाच मिनिटांत वर्गात आवाज चढतात. करोल बागेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवणाऱ्या त्या मराठी शिक्षिकेला हे आता ठाऊक झालं आहे. आरक्षण, समान नागरी कायदा, राज्यपालांचे अधिकार अशा विषयांवर मुलं तयारीनं येतात. दोन्ही बाजूंचे मुद्दे वहीत उतरवलेले असतात, वादही वहीतल्यासारखेच होतात. या एका विषयावर मात्र ती परीक्षार्थी राहत नाहीत. गावची, घरची, आईबापाची मुलं होऊन बोलतात.

हा वर्ग भरतो तो परिसरही असा वाद निघावा असाच आहे. पुसा रोडच्या बाजूनं राजेंद्र नगरपर्यंत क्लास, अभ्यासिका आणि पीजी यांची दाटी. लातूर, नांदेड, बुलढाणा, सोलापूरहून आलेली पोरं दहा बाय दहाच्या खोलीत दोघं-दोघं राहतात आणि मेसच्या डब्यात आमटी शोधतात. अलीकडे बँक स्ट्रीटवरची सोन्याची दुकानं आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांत गलाईचं काम करणारी, सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीतून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबं. पलीकडे रैगरपुरा, म्हणजे चामड्याचं काम करणाऱ्या रैगर समाजाच्या नावानंच ओळखली जाणारी जुनी वस्ती. करोल बागेची विधानसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. लोकसभेचा जुना मतदारसंघही राखीवच होता, १९९६ आणि १९९८ साली मीरा कुमार तिथून निवडून आल्या होत्या. इथं जात हा पुस्तकातला धडा नाही. खोली बघायला गेलं की मालक आधी पूर्ण नाव विचारतो, आडनावावर थोडा रेंगाळतो आणि मग मांसाहार करता का, असं विचारतो. कशासाठी विचारतो, ते दोघांनाही कळत असतं.

शिक्षिका तुलनेचा हा विषय शिकवतात तो ‘घटनात्मक नैतिकता’ या प्रकरणाखाली. २०१३ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर आला आणि घटनात्मक नैतिकता हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. मुलं तो पाठ करतात, पण तो आला कुठून हे फार थोड्यांना माहीत असतं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना या कल्पनेवर भर दिला होता. आपल्या लोकांमध्ये ती उपजत नाही, जोपासावी लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे साठ वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयानं नाझ फाउंडेशनच्या खटल्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ बाजूला सारताना हाच धागा उचलला. लोकांच्या मनातली नैतिकता आणि संविधानाची नैतिकता वेगळी असेल, तर न्यायालयानं संविधानाच्या बाजूनं उभं राहायचं. निकाल देणारे मुख्य न्यायाधीश अजित प्रकाश शहा मूळचे सोलापूरचे, हे सांगितलं की सोलापूरची मुलं मान वर करून बघतात.

इथपर्यंत वर्ग शांत असतो.

पहिली ठिणगी बहुतेक वेळा मराठवाड्यातून आलेल्या एखाद्या मुलाकडून पडते. एका वर्षी ती लातूरच्या एका मुलाकडून पडली. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामाला, घरात बाबासाहेबांचा फोटो, स्वतः कायद्याचा पदवीधर. तो उभा राहून म्हणाला, “मॅम, वाक्य बाबासाहेबांचं घ्यायचं आणि चवदार तळं विसरायचं, हे बरोबर नाही. यांना पाणी कुणी नाकारलं? देवळाबाहेर कुणी उभं केलं? इंग्रजी बोलणाऱ्या पोरांनी झेंडे घेऊन मोर्चा काढला, की ती आमच्यासारखी दलित होतात का?”

नाशिकची एक मुलगी तिथल्या तिथे म्हणाली, “पाणी नाकारलं नाही म्हणून तुरुंगात टाकलेलं चालेल का?”

“तुरुंगात गेले किती? मोजून दाखव.”

“मोजायचंच असेल तर सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये मोजलं होतं. तेच मोजणं चुकलं म्हणून २०१८ चा निकाल आला ना?”

मुलगी बरोबर बोलत होती. ११ डिसेंबर २०१३ रोजी सुरेश कुमार कौशल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा निकाल फिरवला, तेव्हा कारणांपैकी एक असं दिलं होतं की हे लोक देशाच्या लोकसंख्येचा अगदी किरकोळ भाग आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेहूनही कमी खटले झाले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठानं हे एकमतानं खोडून काढलं. त्या पीठावर अजय खानविलकर आणि धनंजय चंद्रचूड हे दोन मराठी न्यायाधीश होते. हक्क माणसाचे असतात, त्यासाठी डोकी मोजायची नसतात, हा त्या निकालाचा गाभा. पण लातूरच्या मुलाचा प्रश्न संख्येचा नव्हताच. त्याच्या आजोबांचं दुःख कुणीतरी उसनं घेऊन मिरवतंय, असं त्याला वाटत होतं. त्या वाटण्याला न्यायालयाच्या निकालात उत्तर नाही.

अशा वेळी शिक्षिका मध्ये पडून कुणाला गप्प करत नाहीत. फळ्यावर एक साल लिहितात: १८७३. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ते पुस्तक अमेरिकेतल्या हबशी लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी माणसांना अर्पण केलं. पुण्यात बसून शूद्रातिशूद्रांची तुलना सातासमुद्रापलीकडच्या गुलामांशी त्यांनी केली. मग दुसरं साल: १९४६. बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कळवलं की निग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की त्यांचा अभ्यास आवश्यकच आहे. निग्रोंचा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे गेला आहे, तर त्याची प्रत मिळेल का, असंही विचारलं. तिसरं साल: १९७२. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीनं मुंबईत संघटना काढली आणि ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून तिचं नाव दलित पँथर ठेवलं. त्याच ब्लॅक पँथरचा नेता ह्यूई न्यूटन यानं १५ ऑगस्ट १९७० रोजी आपल्या कार्यकर्त्यांना जाहीरपणे सांगितलं होतं की समलिंगींच्या चळवळीशी हातमिळवणी करा. हे सांगितल्यावर वर्ग थोडा थबकतो, कारण पँथरचं नाव माहीत असलेल्या मुलांनाही हा तपशील माहीत नसतो.

म्हणजे एकाच्या लढाईतून दुसऱ्याची लढाई समजून घेण्याची रीत महाराष्ट्रानं कुणाकडून शिकलेली नाही. ती आपलीच आहे. पण ती रीत वापरणाऱ्यांनी फरकही लिहून ठेवले. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही एकच आहेत असं ते म्हणाले नाहीत. गुलामाला मालक निदान आपली मालमत्ता म्हणून खाऊपिऊ घालतो, अस्पृश्याची जबाबदारी तर कुणावरच नसते, हा फरक त्यांनी मुद्दाम दाखवला. तुलना करणाऱ्यानं काय घेतलं आणि काय सोडलं, हे दोन्ही सांगायचं असतं. वर्गातली भांडणं पेटतात ती अर्धंच सांगितल्यामुळे, असं शिक्षिकेचं ठाम मत आहे.

अमेरिकेत हा वाद एकाच घरात कसा शिरला, हेही त्या सांगतात. काळ्यांच्या नागरी हक्कांसाठीचा १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा ज्यानं प्रत्यक्ष उभा केला, तो बेयार्ड रस्टिन समलिंगी होता. मोर्चाच्या तोंडावर एका सिनेटरनं त्याच्या खासगी आयुष्यावरून सभागृहात चिखलफेक केली होती. मार्टिन ल्यूथर किंग गेल्यानंतर त्यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी समलिंगींच्या हक्कांना उघड पाठिंबा दिला आणि किंग यांच्या विचारात हे बसतं असं सांगितलं. धाकटी मुलगी बर्निस हिनं मात्र २००४ मध्ये अटलांटात समलिंगी विवाहांना विरोध करणाऱ्या मोर्चाचं नेतृत्व केलं, तोही वडिलांच्या समाधीपासून. एकाच माणसाचा वारसा सांगणारी आई आणि मुलगी समोरासमोर. त्यामुळे करोल बागेतल्या एका खोलीत वीस मुलांचं एकमत होत नाही, यात नवल काही नाही.

त्या दिवशी वाद खरा अडला तो एका वाक्यावर. लातूरचा मुलगा म्हणाला, “जात लपवता येत नाही मॅम. हे लपवता येतं. सगळा फरक तिथं आहे.”

शिक्षिकेनं त्याला विचारलं, “बाबूराव बागूल वाचलेस का?”

त्यानं वाचले होते. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ चा संग्रह त्याच्या घरात होता. जात लपवून खोली मिळवणारा, आणि ती उघड होईल या धास्तीत दिवस काढणारा माणूस त्याला माहीत होता. शिक्षिका पुढे बडोद्याच्या प्रसंगाकडे वळल्या. १९१७ साली परदेशातून शिकून परतलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला रुजू झाले. राहायला जागा कुणी देईना, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. हिंदू मित्रानं घर दिलं नाही, ख्रिस्ती मित्रानंही नाही. बागेत बसून त्यांनी तास काढले आणि गाडीनं मुंबई गाठली. लपवता येतं म्हणजे ते सोपं असतं, असं या माणसाला कोण सांगणार?

आणि मग त्या अलिगढची गोष्ट सांगतात. दिल्लीहून अलिगढ रेल्वेनं दोन-अडीच तासांवर. तिथल्या मुस्लिम विद्यापीठात श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरकडचे प्राध्यापक मराठी शिकवत. स्वतः कवी, संग्रहाला महाराष्ट्रातला पुरस्कार मिळालेला. निवृत्ती काही महिन्यांवर आलेली. नाझचा निकाल लागून सात महिने झाले होते. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसं त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषासोबत असताना त्यांचं चित्रण केलं. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठानं त्यांना गैरवर्तनाचा ठपका ठेवून निलंबित केलं, राहतं घर सोडायला सांगितलं. घरात घुसलेल्यांना आधी जाब विचारला गेला नाही, स्वतःच्या घरात असलेल्याला विचारला गेला. साठी ओलांडलेला हा मराठीचा प्राध्यापक परक्या गावात भाड्याची खोली शोधत हिंडला. अलाहाबाद उच्च न्यायालयानं १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला भाड्याच्या खोलीत त्यांचा मृतदेह सापडला. हंसल मेहतांचा ‘अलिगढ’ हा चित्रपट त्यांच्यावरच आहे.

वर्गातली बहुतेक मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती. मराठी शिकवणारा, मराठीत कविता लिहिणारा माणूस असा गेला आणि महाराष्ट्रात त्याचं नावही फारसं निघत नाही, ही गोष्ट शिक्षिकेला फार लागते. त्या ती दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी त्यांचा आवाज जड होतो.

पण इथेच त्या थांबत नाहीत, कारण इथे थांबलं तर लातूरच्या मुलाचा मुद्दा हरवतो. बडोद्याहून बाबासाहेब मुंबईला परतले ते आपल्या माणसांत. दलित घरात जन्मलेल्या पोराला बाहेर अपमान झाला, तर निदान आई त्याच अपमानातून गेलेली असते. समलिंगी मुलाला पहिली भीती वाटते ती बहुधा त्याच आईची. उलट बाजूही तेवढीच खरी. जात जन्मासोबत गरिबी देते, जमीन नाकारते, पिढ्यान्‌पिढ्या काम ठरवून देते, आजही माणसाला गटारात उतरवते. समलिंगी असणं वारशानं येत नाही आणि त्यातून कुणाच्या तीन पिढ्या अडाणी राहत नाहीत. म्हणून आरक्षणाचा जो युक्तिवाद जातीला लागू पडतो, तो समलिंगी व्यक्तींना आपोआप लागू पडत नाही. तृतीयपंथीयांची स्थिती निराळी आहे. त्यांना घरातून, शाळेतून, कामातून बाहेर ढकललं जातं. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालानं त्यांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानायला सांगितलं, आणि कर्नाटकानं २०२१ मध्ये त्यांच्यासाठी सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण दिलं. हे फरक ज्याच्या उत्तरात नाहीत, त्याला शिक्षिका गुण देत नाहीत, मग तो कितीही पुरोगामी लिहो.

‘ही शहरी, उच्चभ्रूंची मागणी आहे’ हे वाक्यही त्यांच्याकडे चालत नाही. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात प्रतिज्ञापत्रावर तेच म्हटलं होतं. वहीत ते उतरवणाऱ्या मुलांना त्या दोन उदाहरणं देतात. १९८७ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये सशस्त्र पोलीस दलातल्या दोन महिला कॉन्स्टेबलनी एकमेकींशी लग्न केलं आणि त्यांना नोकरीतून काढण्यात आलं. त्या उच्चभ्रू नव्हत्या. दुसरं उदाहरण तर करोल बागेपासून मेट्रोच्या काही स्टेशनांवरचं. १९९२ मध्ये कनॉट प्लेसच्या सेंट्रल पार्कमधून पोलिसांनी पुरुषांना उचललं, त्याविरुद्ध एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या संघटनेनं ११ ऑगस्टला दिल्ली पोलिसांच्या मुख्यालयासमोर निदर्शनं केली. रात्री बागेत कोण भेटतं? ज्यांच्याकडे बंद दाराची खोली नसते ते. इंग्रजी बोलणाऱ्यांचा आवाज टीव्हीवर मोठा ऐकू येतो हे खरं, पण पोलिसाची काठी बसते ती बागेत.

आणि दोन्हीकडे असलेल्यांचं काय? दिल्लीच्या प्राइड मोर्चात गेली काही वर्षं दलित क्वीअर तरुण स्वतःचे फलक घेऊन चालतात आणि मोर्चातल्या जातीबद्दलही तिथेच बोलतात. महाराष्ट्रात कवयित्री दिशा पिंकी शेख यांनी तृतीयपंथी म्हणून आणि भटक्या-विमुक्त समाजातून आलेली व्यक्ती म्हणून, दोन्ही नात्यांनी राजकारणात बाजू मांडली, वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून काम केलं. त्यांना ‘आधी जात की आधी लिंगभाव’ असा प्रश्न विचारणं म्हणजे कोणता हात आधी कापायचा असं विचारणं आहे, असं शिक्षिका म्हणतात.

उत्तरपत्रिका तपासायला त्या रात्री बसतात. पंधरा गुणांचं उत्तर, अडीचशे शब्द, दोन-तीन पानं. लाल पेनानं डावीकडच्या समासात खुणा. या प्रश्नावर मुलांच्या दोन सवयी त्यांना ओळखीच्या झाल्या आहेत. एक गट ‘ज्याप्रमाणे दलितांवर अन्याय झाला त्याचप्रमाणे’ असं लिहून मोकळा होतो. तिथे त्या समासात लिहितात: ‘कशाप्रमाणे? कलम सांगा.’ दुसरा गट ‘ही तुलना गैर आहे’ म्हणून थांबतो. तिथे भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमाकडे बोट दाखवून लिहितात: ‘मग कलम १५ मधला कुठला शब्द यांना लागू नाही ते दाखवा.’ दुःख मोजायचा काटा कुणाकडेच नाही. म्हणून दुःखावर तुलना उभी केली की ती भांडणातच संपते. सत्तेवर उभी केली, म्हणजे माणसानं कुठे राहावं, कुणाबरोबर राहावं, हे दुसरा कोण ठरवतो असं विचारलं, की दोन्ही बाजूंना बोलायला जागा मिळते. एवढं एकच त्या मुलांच्या गळी उतरवू पाहतात.

त्यासाठी त्या १९१६ सालच्या निबंधाकडे जातात. कोलंबियात पंचविशीतल्या आंबेडकरांनी दाखवून दिलं होतं की जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये त्यांनी उपायही तोच सांगितला: आंतरजातीय विवाह. लग्न कुणाशी करायचं हे घरानं आणि जातीनं ठरवायचं, ही ती व्यवस्था. २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं खाप पंचायतींना बजावलं की दोन सज्ञान माणसं लग्न करतात तेव्हा घराची, जमातीची संमती लागत नाही. हा निकाल आंतरजातीय जोडप्यांच्या जिवासाठी होता, आणि पाच-सहा महिन्यांनी ३७७ चा निकाल आला तोही निवडीच्या याच हक्काच्या आधारानं. जोडीदाराचं आडनाव वेगळं म्हणून मुलीला कोंडणारा बाप आणि मुलीवर प्रेम करते म्हणून मुलीला कोंडणारा बाप यांच्या हातात चावी एकच असते.

बाबासाहेबांच्या वकिलीतलं एक पान मुलांना सगळ्यात जास्त चकित करतं. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरं देत. समलिंगी संबंधांवरचे प्रश्नही त्यात असत. त्याबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण महाड आणि पुणे करार यांच्या धामधुमीतून निघालेल्या नेत्यानं, ज्याचा त्याच्या समाजाला राजकीय फायदा शून्य, असा खटला घेतला.

लातूरच्या मुलानं हे ऐकलं, वहीत टिपलं आणि तरीही त्याचं मत बदललं नाही. ‘पूरक आहे, समान नाही’ असं त्यानं उत्तराच्या शेवटी लिहिलं. त्याचा फरकांवरचा परिच्छेद त्या तुकडीतला सर्वांत नेमका होता. शिक्षिकेनं त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले आणि ते उत्तर नाशिकच्या मुलीला वाचायला दिलं. तिचं उत्तर त्याला. पुढचे कित्येक दिवस ती दोघं चहाच्या टपरीवर यावरच भांडत होती, पण आता कलमं घेऊन.

२०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयात विवाहाच्या खटल्याची सुनावणी दहा दिवस चालली, तेव्हा अभ्यासिकांतली मुलं कानाला इअरफोन लावून ती ऐकत होती. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाचही न्यायाधीशांनी विवाह हा मूलभूत हक्क नाही असं सांगितलं. नागरी सहजीवनाचा हक्क तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडता येईल आणि जोडीदाराला त्या खात्यावर नॉमिनी म्हणून नेमता येईल. ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विलोकनाच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. करोल बागेतली आंतरजातीय जोडपी आजही तीस दिवसांची नोटीस लावून, घरच्यांना ती दिसेल या भीतीत, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करू शकतात. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना मात्र त्या कायद्याखाली अर्जच करता येत नाही, आणि तो बदलण्याचं काम आता संसदेकडे आहे.